भामाची ‘वेडी’

२ डिसेंबर, सोमवार
उद्यापासून तेजश्रीचं ऑफिस सुरू. नातीची, भामाची अंघोळ माझ्याकडे! आज तेजश्रीनं घालून दाखवली — जणू या लेकीला मी वाढवलंच नाही. “आई, बादली भरून ठेवायची नाही. फोन आत न्यायचा नाही. बेल वाजली तरी उठायचं नाही.” हौ बाई, हौ.

पोर आहेच तशी. दीड वर्षाची. आज मोरीच्या जाळीत बोट घालून पाणी कुठं जातं ते बघत होती. मग साबण चाटला. मग नळाला लोंबकळली. पण टबात काय खुश! बाहेर निघेना.

३ डिसेंबर
पहिली अंघोळ. फरशी आधी कोरडी केली, चटई घातली, पाणी हात बुडवून पाहिलं — कोमट. भामाला टबात बसवलं, तर लगेच उभी! “वेडी! वेडी!” मी दिवसभर तिला ‘माझी वेडी’ म्हणते, तेच परत केलं वाटलं. हसू आलं. “मी वेडी? तूच वेडी!” म्हणत तांब्या ओतला. ती किंचाळून काठावर चढली. दंड धरला म्हणून वाचली. नाहीतर डोकं सरळ नळावर.

तेजश्रीला सांगितलं नाही.

५ डिसेंबर
भामा बाथरूमच्या दारातच अंग टाकून देते. काल कसंबसं दोन तांब्यांत उरकलं. आज चहाची गाळणी दिली, डाव दिला. गाळणीतून पाणी पळतं याचं तिला केवढं नवल! त्या नादात टबाशी आली, पाय बुडवला — पुन्हा “वेडी!” आणि रडारड. पाय लालसर दिसले. वाटलं, मीच जोरात चोळते की काय.

संध्याकाळी तेजश्री म्हणाली, “सोमवारपर्यंत पाण्यातून निघत नव्हती. आई, तू ओरडतेस का तिच्यावर?”

मी! ओरडते!

६ डिसेंबर
आज ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. तेवढ्यालाही पाय आखडून घेतले.

८ डिसेंबर, रविवार
नरेंदर घरी होता. जावई तेलुगू असला तरी माझ्याशी मराठीच बोलतो, त्याच्या पद्धतीची. भामा टबाशी “वेडी, वेडी” करून रडायला लागली तसा धावत आला.

“अत्तम्मा, थांबा थांबा! ती तुम्हाला वेडी म्हणत नाहीये. वेडि! गरम म्हणतेय हो! आमच्या अम्माकडे शिकली, अंबरपेठला. चुलीजवळ गेली की अम्मा तेच ओरडते.”

माझा जन्म या तेलुगू गावातला. हॉटेलात ‘वेडि वेडि’ इडली मीच मागते! पण भामाच्या तोंडून मला मराठीच ऐकू आलं. लेकरू सांगत होतं आणि मी हसत होते.

“पण मी हात घालून बघते रे रोज. कोमट आहे, बघ ना.” माझा हात पाण्यातच होता. त्यानं बोटं बुडवली आणि झटकन काढली. “अय्यो! कोमट?”

मग गीझरलाच बोल लावला आम्ही दोघांनी. मध्येच उकळतं सोडत असेल. त्यानं बटण खाली आणलं, निम्मी बादली गार पाणी ओतलं. भामा गपचूप टबात बसली. थोड्या वेळानं टाळ्या.

तेजश्री दारात उभी होती. माझ्या हाताकडे बघत राहिली.

९ डिसेंबर
सकाळी चहा देताना तेजश्रीनं माझा हात धरला, उलटा केला. “आई, हे कधी भाजलं?”

तळव्यावर रुपयाएवढा फोड. फुटलेला. आठवून आठवून पाहिलं. तवा? दुधाचं पातेलं? काही आठवेना. तिनं बोटानं दाबलं, ते मला नुसतं दिसलं. “दुखतंय?”

नाही.