पायातलं रबर रुळाखाली

आबा, तुमचं ऐकणार नाही, एवढं सांगायलाच लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परतूरकडच्या रेल्वे लाइनीवर मी काही ठरवलं की आधी तुमचा आवाज येतो, आणि मग मला हट्टच चढतो.

दुधना नदीच्या पुलाजवळचं आपलं क्वार्टर, अंगणात नुसती वाळू. आई उखळात मिरच्या कुटतेय आणि दर घावाला उखळ रुतून कलंडतंय. तुमच्या टायरच्या झिजलेल्या चपला कोपऱ्यात पडल्या होत्या. मी त्यांचे तळवे कापून उखळाखाली सारले. उखळ हलेना, दणकाही कमी झाला. "बराबर बसलं की गं!" आई म्हणाली. तेवढ्यात तुम्ही आलात. ग्यांगचे मुकादम, दिवसभर रुळाखाली खडी ठोकून दमलेले. "पायातलं अन्नाखाली घालून राह्यली? अक्कल बिलकुल न्हाई का?" तुकडे लाथेनं उडवलेत आणि माझ्या पाठीत धपाटा घातलात. उखळ पुन्हा कलंडलं, ते तुम्हाला चाललं. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता त्याच लाइनीची इंजिनियर मी आहे. रुळांमधलं अंतर वाढलं, गाड्या जड झाल्या, वाळू तीच आहे. उन्हाळ्यात नदीतून उडते, खडीच्या फटींत भरते. मग खडी दगडी फरशीसारखी घट्ट होते, गाडीचे दणके खाऊन तिचा भुगा होतो आणि रूळ खचतो. तुमची माणसं जन्मभर ती खडी चाळत राहिली. मी जुन्या टायरांचे खडीएवढे तुकडे करून घेतले आणि खडीत मिसळले. साहेब म्हणाले, कचरा आहे, काढून टाका. तुमच्या हाताखाली वाढलेले ग्यांगमधले काका तर तुमचंच बोलले, "ताई, रूळ म्हणजे आपली भाकर. तिच्याखाली पायातलं? मुकादमांनी चालू दिलं नसतं." मी म्हणाले, "मुकादम नाहीत काका, मी आहे." साहेबांना लिहून दिलं, रूळ खचला तर माझी नोकरी घ्या, पण तुकडे निघणार नाहीत. पावसाळाभर लाइनीच्या तेवढ्या भागावर गाड्या हळू सोडल्या आणि रोज स्वतः जाऊन माप घेतलं. रूळ जागचा हलला नाही, आबा. काकांनी खाली बसून खडीवरून हात फिरवला.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे टेबलाच्या खणात. पण एक सांगायचं राहिलं. तुमचा चपलांचा शेवटचा जोड आईनं फळीवर जपून ठेवला होता. तिला विचारून तोही कापला. पुलाकडे रुळाखालच्या पहिल्या आडव्या स्लीपरखाली आहे. रागवायचं तर खुशाल रागवा.

खडीत टाकायच्या आधी मात्र ते तळवे मी नळाखाली धरून साबणानं स्वच्छ धुतले.