जन्मतारीख नसलेली दोनशे चौदा पोरं

सोमवार, ७ जुलै

परत बोंबललं! लसीकरणाच्या अहवालाचं बटण दाबलं की डेटाबेस तोंड वाकडं करतो — एरर, एरर, एरर. गेल्या आठवड्यापर्यंत गुणी बाळासारखा चालत होता. सर्व्हर बंद करून चालू केला. नेटवर्कला शिव्या घातल्या. वायर हलवून पाहिली (उगाच. पण बरं वाटतं).

न्ताते लेबुसा, आमचे साहेब, खांद्याशी येऊन उभे. "अठरा तारखेला आकडा गेला पाहिजे. त्यावरच डोंगरातल्या दवाखान्यांना लसी जातात. ऐन हिवाळा आहे, बर्फ पडून रस्ता बंद झाला तर तू नेणार पाठीवर?"

"घोडा द्या, जाते!"

घरी आले तर सासूबाई गप्प. ताटात मक्याच्या पिठाच्या पापाचा ढीग आणि मोरोहोची पालेभाजी रोजच्या दुप्पट. "खा, मादिम्फो, खा." महिन्यातून एकदा यांना असं होतं. आणि ते नाव! लग्नात त्यांनीच ठेवलं — मादिम्फो, म्हणजे दिम्फोची आई. आमच्यात सुनेचं नाव होणाऱ्या नातवंडावरूनच ठेवतात. लग्नाला चार वर्षं होत आली, दिम्फोचा पत्ता नाही. हाक मारतात तेव्हा मला वाटतं हजेरी घेतायत. माहेरी मी नुसती पोलोको. तिकडे कुणी हजेरी घेत नाही.

मंगळवार, ८ जुलै

वाटलं एखाद्या जिल्ह्याची माहिती बिघडली असेल, म्हणून एकेक जिल्हा वेगळा चालवून पाहिला. दहाच्या दहा आपटले! मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात अहवालात वयाचा रकाना मीच घातला. जन्मतारीखच नसेल तर वय कुठून काढणार बिचारा? शोधलं तर दोनशे चौदा पोरं निघाली. नाव आहे, आईचं नाव आहे, जन्मतारीख नाही.

म्हटलं, सोपं आहे, तेवढी गाळून पुढे जाऊ. साहेब उसळले. "गाळायची? उद्या त्यांना गोवर झाला की तुझ्या घरी पाठवतो!"

म्हणजे दवाखान्यांना फोन करणं आलं. दोनशे चौदा वेळा.

बुधवार, ९ जुलै

पहिलाच फोन मोखोत्लोंगच्या डोंगरातल्या सिस्टर मात्सेदिसोना. बाईंचा आवाज असा की फोन नसता तरी इथे राजधानीत, मासेरूला, ऐकू आला असता.

"पोरं? कुठली पोरं? ही तर गेल्या महिन्यातली नवरी! तिच्या पोटात अजून पापाशिवाय काही नाही!"

"आणि पुढची?"

"तीही नवरीच. आणि ऐक, लस द्यायला आणा म्हणून तुमचे मेसेज जातात ना दर महिन्याला? परवा एक सासू सुनेला दंडाला धरून घेऊन आली. म्हणे, हिनं माझं नातवंड कुठे लपवलंय विचारा!"

हसून हसून पोट दुखलं. बाकीच्या दवाखान्यांतूनही तेच उत्तर. मग प्रोग्राम उघडून पाहिला.

म्हणजे पोरं नाहीतच! नव्या सुनेची नोंद 'मा-' नावानं झाली की आमचा प्रोग्राम त्या नावातून पोराचं नाव काढतो आणि आपल्या मनानं पोर जन्माला घालतो. कुण्या गाढवानं लिहिलं हे?

गुरुवार, १० जुलै

गाढव मीच.

कोडचा इतिहास उघडला. त्या ओळींपुढे माझं नाव. तारीख सप्टेंबर २०२१ ची, लग्नानंतर दहा दिवसांची. आठवलं! सिस्टर लोकांची तक्रार होती, आईचं लिहून झालं की पोराचं परत कशाला लिहायचं. मी म्हटलं, एवढंच ना! मादिम्फोचं पोर दिम्फो, यात विचारायचं काय? आमच्यात नव्या नवरीला देतात ते ब्लँकेट खांद्यावर, नाव कोरं करकरीत. ते भरून यायला फार तर वर्ष लागेल, असंच वाटायचं तेव्हा. मूर्ख मुलगी. पण किती खुशीत होती!

साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मग काढून टाक ती सगळी. एकही राहता कामा नये."

मोलेफीला रात्री सांगितलं. नवरा माझा गणिताचा मास्तर. म्हणाला, "बाकीच्यांना नऊ महिने लागतात, तू एका ओळीत दोनशे चौदा काढलीस!" उशी फेकून मारली. मग दिवा मालवला.

सोमवार, १४ जुलै

बॅकअप घेतला, डिलीट मारलं — नाही म्हणाला! नवीन एरर. या पोरांना धरून दुसऱ्या टेबलात ओळी आहेत, आधी त्या काढा. बघितलं तर पाठवलेले मेसेज. प्रत्येक पोराच्या नावावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा एक.

म्हणून ते टेबल उघडलं. सगळ्यात जुनी ओळ — आई मादिम्फो, गाव मासेरू, पोर दिम्फो. अगं बाई! तेव्हा चाचणीसाठी मी स्वतःचीच नोंद टाकली होती. आणि काढायची विसरले.

शेहेचाळीस मेसेज. "दिम्फोला लस देण्यासाठी दवाखान्यात आणा." मला एकही आला नाही. मग नंबर पाहिला. माझा फोन तेव्हा दुरुस्तीला होता.

नंबर सासूबाईंचा.

मंगळवार, १५ जुलै

विचारू? नको. विचारलं तर त्या उत्तर देतील. चार वर्षं महिन्याच्या महिन्याला त्यांच्या जखमेवर मीठ चोळलंय, तेही सरकारी भाषेत. आता कळलं, महिन्यातून एकदा गप्प का होतात. शिवाय तो फोन त्या बहिणीशी बोलण्यापलीकडे वापरतात कुठे? वाचलेच नसतील. (वाचलेत. चष्मा फोनशेजारीच असतो.)

दोनशे तेरा पोरं काढली, मेसेजांसकट. एक राहिली.

गुरुवार, १७ जुलै

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. तरी ऑफिसात जाऊन बसले. दिम्फोची ओळ उघडली, बंद केली. नुसती एक ओळ आहे. जगात तिचं नाव लिहिलेली दुसरी जागा नाही, माझ्या नावाखेरीज. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, १८ जुलै

"एक का राहिलीय?" साहेब.

"काढते."

काढली. अहवाल सुरळीत निघाला. आकडा गेला, लसींची गाडी सोमवारी निघेल. साहेबांनी सगळ्यांना माक्वेन्या, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, खाऊ घातले, गरमागरम. मी चार हाणले.

सोमवार, ४ ऑगस्ट

पापा ढवळत होते. सासूबाई चष्मा लावून फोन हातात घेऊन आल्या. "आज दिम्फोचा मेसेज नाही आला. काढलंस तिला?"

मान हलवली.

त्यांनी फोन पुढे केला. एकाखाली एक, सगळे जपून ठेवलेले. "तुझ्या मशीनची चूक आहे हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. सांगितलं नाही. तू दुरुस्त केली असतीस ना! महिन्यातून एकदा कुणीतरी माझ्या नातीचं नाव घ्यायचं, पोरी. आणि तुला सांगून रडवायचं कशाला? म्हणून नुसतं जास्त वाढायचे."

दोघी रडलो. पापा करपला.