दोघांसाठीचं पान

४ मार्च

…त्या सकाळी मी कपडे पिळत होते आणि हे दोरीपाशी उभे, चिमटे दातांत धरून. तसंच बोलायचे! "यंदा रक्कम पुरी होणार बघ." मला ऐकू आलं ते नुसतं गुरगुरणं. म्हटलं, आधी तोंड रिकामं करा. हसताना एक चिमटा बादलीत पडला. मग डबा घेऊन कामावर गेले. दुपारी लिफ्टचं यंत्र उघडता उघडता छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

इतक्या आठवड्यांनी आज त्यांच्या विम्याचा चेक आला. रक्कम पुरी झाली — अशी!

५ मार्च

चेक शब्दकोशात ठेवला. आज काही वाचलं नाही.

९ मार्च

लेकीचा फोन. "आई, चेक भरलास?" नाही म्हटलं. "अगं, पैशाला कसला आलाय विटाळ? बाबांनी तुझ्यासाठीच ठेवलाय ना?"

लेक परदेशात असते. तिथं निवृत्त माणसांना राहू देतात, पण बँकेत ठरावीक रक्कम दाखवावी लागते. आम्ही दरवर्षी थोडक्यासाठी मागे. लेक भर घालायला तयार होती, पण उसने पैसे चालत नाहीत. म्हणून निवृत्तीनंतरही हे लिफ्ट दुरुस्तीला जात राहिले. "तिकडे लिफ्ट अडकली तर तुझा नवराच काढेल सगळ्यांना!" म्हणायचे.

त्यांच्या जिवाच्या पैशावर मी विमानात बसू?

लेक रडली. "मग एकटीच बस तिथं भिंतींशी बोलत!" म्हणाली. तिनं फोन ठेवला. लगेच तिनंच परत केला. जेवलीस का, एवढंच विचारलं.

१४ मार्च

व्हिसाच्या एजंटबाईकडे गेले. जाणार नाही, हे सांगायलाच. चेकचं कारण सांगितलं. पोरगी बुचकळ्यात पडली. "काकू, पण तो चेक लागतोच कुठं? तुमच्या ठेवी पुरतात की."

म्हटलं, कशा पुरतील? आम्ही स्वतः नियम वाचलेत!

तिनं पत्रक पुढे केलं. तेच पत्रक. घरी त्याच्या घड्या फाटल्यात. 'पती-पत्नी' हे पान मला तोंडपाठ आहे. तिनं ते उलटलं. मागे 'एकट्या अर्जदारासाठी'. रक्कम बरीच कमी.

मी हातात आलेला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते. पुडीचासुद्धा. शाळेत न जाता अशीच शिकले. पण हे पान आम्ही दोघांनीही कधी उलटलं नव्हतं.

दोघांना कमी पडत होतं. एकीला पुरतं.

"बरं वाटलं ना काकू?" तिनं विचारलं. हो म्हटलं. पोरीचा काय दोष?

१५ मार्च

सकाळी चेक बँकेत भरला. नाही भरला तरी त्यांच्या जाण्यानंच पुरतंय, मग शब्दकोशात ठेवून काय राखणार? मग एजंटबाईकडे जाऊन अर्जावर सही केली. 'सोबत येणारी व्यक्ती' इथं आडवी रेघ मारायची असते. मारली.