आईचा घरक्रमांक

प्रिय घुम्या,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नाही. मेहुणे असूनसुद्धा आमच्या ह्यांना ‘आमदारसाहेब’ म्हणायची सवय लागली आहे. पण आज माझ्या हातून दुसरं काही लिहिलं जाईना. कागद पाठकोरे आहेत म्हणून नाक मुरडू नकोस. चांगली कोरी बाजू फुकट घालवणं मला जन्मात जमलं नाही, आणि आमच्या कचेरीत असे गठ्ठे पडूनच असतात. ‘आमच्या कचेरीत’ वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. सांगते सगळं. बुधवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

आई बरी आहे. खोकला गेला. तिच्या खोलीत नवीन बाई आल्यात, त्या आगगाडीसारख्या घोरतात. आई रोज सकाळी त्यांना विचारते, प्रवास सुखाचा झाला ना? वृद्धाश्रम तू निवडलास आणि चांगला निवडलास, हे मी सगळ्यांना सांगत असते. तिथल्या खोल्यांना फुलांची नावं आहेत, ते तुलाच किती आवडलं होतं.

तुला वाटतं मी दुपारी प्रार्थनेला जाते. प्रार्थना माझी पहाटेच होते. दुपारी जाते ती नागरी हक्कांचं काम करणाऱ्या एका संस्थेत. त्यांना जमाखर्च लिहायला बाई हवी होती म्हणून गेले होते. संस्था चालवतात त्या निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो, कारण त्या पाणीसुद्धा ‘हात वर करून मागा’ अशा थाटात देतात. त्यांनी एक दिवस मला विधेयकं वाचायला बसवलं. म्हणाल्या, वाण्याच्या बिलातली खाडाखोड दिसते ना तुम्हाला, मग कायद्यातलीही दिसेल. मॅट्रिक झालेल्या बाईला काय कळणार, असं म्हणून मी आढेवेढे घेतले, पण काम तसं अवघड नाही. विधिमंडळात आलेलं विधेयक जुन्या कायद्याशेजारी ठेवायचं आणि काय खोडलं, काय घुसडलं तेवढंच बघायचं. मग भिंतीवर त्याची चिठ्ठी लागते. कुणाच्या हक्काला, मताला धक्का लागत असेल तर लाल, संशय असेल तर पिवळी, बाकी सगळ्या हिरव्या. लाल चिठ्ठीवर आमचा माणूस बसलाच समज. ते कुठल्या समितीत गेलं, सुनावणी कधी, कोण बोलणार, कोण मूग गिळून बसणार, सगळ्यावर लक्ष. हिरव्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. विधेयकं ढीगभर, आम्ही मूठभर.

‘घरक्रमांक आणि रस्त्यांच्या पाट्या’ या विधेयकाला हिरवी चिठ्ठी होती. पाटी किती उंचीवर लावायची, अक्षर किती मोठं असावं, एवढंच होतं त्यात. सुनावणीला जायची काही गरज नव्हती. पण ते तुझ्या समितीपुढे होतं, आणि तुला त्या खुर्चीत बसलेला मी कधी पाहिलाच नव्हता. मास्तरीणबाई आधी नको म्हणाल्या. ज्या समितीत भाऊ तिथे बहिणीला पाठवायचं नाही, असा नियम आहे. मी म्हटलं, पाट्यांवरून काय आमची भांडणं होणार आहेत? तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, जा, डोळे भरून बघून या.

मी प्रेक्षकांच्या शेवटच्या ओळीत, खांबाआड बसले. तू आत आलास, समोरचा पाण्याचा पेला उचलून उजवीकडचा डावीकडे ठेवलास, अगदी घरी जेवायला बसताना ठेवायचास तसा. डोळ्यांत पाणी आलं रे. देवाचे आभार मानले, की आमच्या घुम्याला वाचा दिलीस आणि अशा जागी दिलीस. जेवणाची वेळ झाली होती. एक सभासद डुलक्या घेत होते, एक चपलेत पाय शोधत होते. तेवढ्यात तू म्हणालास, एक किरकोळ दुरुस्ती आहे. आणि वाचलंस, की ज्या पत्त्याला स्वतंत्र घरक्रमांक नाही, तिथल्या मतदारांची नावं नवी पडताळणी होईपर्यंत यादीतून वगळण्यात यावीत. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. पुढच्या बैठकीत लोकांचं ऐकून घेऊ आणि मंजूर करू, असं म्हणून सगळे उठले.

मी उठलेच नाही. गोदीजवळ एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात ते कामगार डोळ्यांपुढे आले. मुलींचं वसतिगृह आलं. पुलापलीकडची वस्ती आली, जिथून तुला मतं पडत नाहीत. तुझा हिशेब तिथपर्यंतचा असेल, तो मला कळला. पण मग आईची खोली आठवली. अख्ख्या इमारतीला एकच क्रमांक. आत जाई, जुई, मोगरा, आणि मोगऱ्यात खिडकीपाशी आपली आई. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आजवर नुसतं तोंडाने म्हणत आले होते. पुढ्यात घडताना पाहिलं नव्हतं.

देवाशपथ सांगते, मला वाटून घ्यायचं होतं की कुणीतरी कागद हातात दिला आणि तू न बघता वाचलास. पण वाचताना तू डाव्या कानाची पाळी चोळत होतास. शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हा चोळली होतीस, प्रगतिपुस्तक लपवलंस तेव्हाही. तोंडातून अवाक्षर नाही, हात मात्र कानाला. तिथले बाकीचे काय समजले असतील? माणसाला विचार करताना कान चोळायची सवय असेल, असंच ना? सबंध दालनात मला एकटीलाच ठाऊक होतं, की तुला सगळं ठाऊक आहे.

आमची पद्धत अशी, की असं काही कानावर आलं की लगेच बाहेर येऊन कचेरीत कळवायचं. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा कशीबशी जिन्यात गेले आणि फोनवर म्हटलं, पाट्यांचं विधेयक, लाल करा. मास्तरीणबाई ओरडल्याच, पाट्यांचं? मग विचारलं, दुरुस्ती कुणी आणली, नाव सांगा, लिहून घेते. तुझं नाव येईना तोंडात. शेवटी म्हटलं, माझ्या पाठचा. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, तुम्ही घरी जा, पुढचं दुसरं कुणीतरी बघेल.

घरी नाही गेले, आईकडे गेले. तिच्यापासून लपवणार होते, पण तिच्यापुढे माझं कधी काही लपलंय? सगळं ऐकून ती आधी हसली. म्हणाली, माझ्या पलंगाच्या लोखंडावर क्रमांक आहे, तो चालेल का विचार साहेबांना. मग म्हणाली, कान चोळला का त्याने? मी मान हलवली. तिने भिंतीकडे तोंड केलं. तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा सुजलेल्या पायांनी रांगेत थांबली होती ती, आठवतं? बोटाची शाई जाऊ नये म्हणून भांडीसुद्धा मला घासायला लावली, आणि दूधवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना ते बोट दाखवत होती. तेच बोट परवा चादरीवर नुसतं गिरवत बसली. निघताना एवढंच म्हणाली, माझे ठेवणीतले कपडे इस्त्री करून आण.

म्हणून हे पत्र, आजच हातोहात पाठवते आहे. उद्याच्या बैठकीत बोलणाऱ्यांत मी आमच्या दोघींची नावं दिली आहेत. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही नका बोलू, जन्माचं नातं आहे. मी म्हटलं, म्हणूनच बोलते. तुला आधी कळवू का विचारलं, तर म्हणाल्या, परक्या आमदाराला आपण निवेदन पाठवतो, घरच्याला पत्र पाठवा. दुरुस्ती ज्याने आणली त्याला ती मागे घेता येते, आणि त्याला एक वाक्य पुरतं, हे कचेरीत बसून बसून मला कळलं आहे. नाही घेतलीस तर आई बोलायला उभी राहील. बैठकीचा रिवाज तुला माहीत आहे, बोलणाऱ्याने आधी नाव आणि पूर्ण पत्ता सांगायचा. ती नाव सांगेल. मग पत्ता सांगेल, मोगरा, खिडकीजवळचा पलंग. मग समोरून कुणीतरी विचारेल, आजी, घरक्रमांक? त्या वेळी तू तिच्यासमोर बसलेला असशील. त्याआधी, घुम्या, कानावरचा हात काढ आणि तोंड उघड.

काही झालं तरी तुझीच,
ताई