सूचनापेटीतल्या सरक्या

२० सप्टें. ०६, बुध.
भैयाजी मालक नागपूरचं शिबिर करून आले. नवं खूळ: मॅनेजरने कामगारांना विश्वासात घ्यायचं. जिनिंगमध्ये नवी मशीन बसतेय. पाइपच कापूस ओढून घेणार, म्हणजे टोपल्या वाहणाऱ्या चाळीस बायांपैकी बारा पुरतील. "सगळ्यांशी बोला, फक्त आकडा सांगू नका." विश्वासात घ्या, आणि सांगू नका! बावीस वर्षांच्या नोकरीत असली कसरत पहिल्यांदाच. चिडलो. तरी मान हलवून आलो.

२२, शुक्र.
मीटिंग. चहा-चिवडा. अर्धा तास बोललो. बाजार पडलाय, आर्णीकडचे लोक सोयाबीनकडे वळलेत, जुन्या मशीनवर भागत नाही... सगळं खरंच. शेवटी शांताबाई उठल्या. एकोणीस वर्षं टोपली वाहताहेत, बाया त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. "साहेब, तुमी बोलून तं लय राह्यले, पन सांगून काईच नाई राह्यले." सगळ्या हसल्या. मीही हसलो, निलाजरा.

२५, सोम.
भैयाजींचा फोन. "शांताबाईला आपल्याकडे वळवा, बाकीच्या आपोआप येतील." ऑफिसात बोलावलं. तुमची जागा पक्की, शिवाय मुकादमकी. वाटलं, खूश होतील.
"मंग बाकीच्या बायाइचं?"
"पाहू."
"पाहू मंजे?"
फाइल उघडून बसलो. फाइलमध्ये काही नव्हतं.

२६, मंगळ.
सूचनापेटी टांगली. हिरवी, कुलूपवाली. हेही शिबिरातलं. निम्म्याहून जास्त बाया हजेरीवर अंगठा लावतात, शाईचं पॅड मीच पुढे करतो, तरी लक्षात आलं नाही. अकलेचं दिवाळं.
जेवताना सौ. म्हणाली, "भाजी वाढू का विचारलं तर 'पाहू' काय म्हणता?"

२९, शुक्र.
पेटी उघडली. चिठ्ठी एकही नाही. नुसत्या सरक्या. मोजल्या, चाळीस. शांताबाईंना विचारलं, हे काय?
"आमाले लिवता येत नाई. एकीनं एक टाकली. ज्या ठेवाच्या त्या ठेवा, बाकीच्या काढून फेका. खंडेनवमीले सांगजा."
लाज वाटली. पेटी कपाटात ठेवली. दिवसभर कपाटाकडेच लक्ष.

१ ऑक्टो., रवि. खंडेनवमी.
मशीनला हळदीकुंकू दरवर्षी शांताबाईंच्या हातून. नव्या मशीनपुढे ताट घेऊन थांबल्या. भैयाजी शेजारीच.
"पयले पेटी आना." आणली.
"किती ठेवता?"
भैयाजींनी डोळे वटारले. तोंडातून निघून गेलं, बारा.
शांताबाईंनी पेटीत हात घालून एक सरकी उचलली. "हे माही. साहेबानं पक्की जागा देल्ली होती मले. नाई पायजे." सगळ्यांदेखत. ताट माझ्या हातात दिलं आणि गेल्या. मागोमाग बाया. कुंकू मीच लावलं, वाकडं.

३, मंगळ.
भैयाजी: "आकडा तुम्ही फोडला ना? शांताबाई गेली, आता उरलेली सत्तावीस नावंही तुम्हीच काढा. उद्या मशीन सुरू करायच्या मुहूर्ताआधी यादी हवी." कोरा कागद घेऊन घरी आलो. मोठीचं कॉलेज, घराचे हप्ते, हे सगळं पुढे करून स्वतःला समजावून झालं. समजलो नाही.

४, बुध. सकाळ
लवकर आलो. गेटबाहेर बाया, टोपल्यांसकट. आत कोणी येत नाही. शांताबाईही त्यांच्यात.
म्हटलं, "तुम्ही तर सोडलं ना?"
"सोडलं. बायाइसंग उभं राह्याले मनाई हाय काय?"
ऑफिसात येऊन बसलो. कागद पुढ्यात. वर लिहिलं: कमी करायची नावं. ओळी आखल्या. एकेका बाईचा चेहरा समोर येतो आणि पेन थांबतं. मग पहिल्या ओळीत माझंच नाव लिहिलं. खोडलं नाही. खालच्या सव्वीस ओळी कोऱ्याच.
भैयाजींची गाडी आली. हॉर्न देताहेत. बाया बाजूला होत नाहीत.
कागद घेऊन उठतो.