वाघ पेटवायच्या आदल्या दिवशी

॥ मंगला गौरी प्रसन्न ॥

मी, गीता विश्वेश साखळकर, वय सव्वीस, शिक्षण आठवी, राहणार मंगला गौरीच्या देवळामागची गल्ली, वाराणसी, हे माझ्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, कसली गोळी घेतलेली नाही, कोणी मानगुटीवर बसून लिहवून घेत नाही. भीती वाटते आहे. पण भिणाऱ्या माणसाला कायदा वेडा धरत नाही असं शेजारचे रत्नाकरकाका म्हणाले. काका कचेरीत कागद लिहायचे. मी म्हटलं तुम्हीच लिहून द्या. तर म्हणाले, "मी लिहिलं तर तुलाच कळायचं नाही. तुझं तू लिही, मी सही करतो."

माझी शाळा हिंदी. मराठी फक्त घरात बोलायची. अक्षरं तीच म्हणून जमतं, काना-मात्रा चुकेल. तरी मराठीतच लिहिते, कारण मी गेल्यावर गल्लीतले दहा जण हा कागद हातात घेतील, त्यांना वाचता येऊ नये. आणि माझ्या सासूबाईंना, अन्नपूर्णाबाईंना, वाचता यावं.

हे आजच का, तर उद्या मंगळवारी सकाळी संकठा घाटावर मला शिसं ओतायचं आहे. घाटाच्या जुन्या पायऱ्यांचे दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना धरून असतात. दगडात खाच करून पट्टी बसवायची आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, मग ती हलत नाही. पूर यायच्या आत सात पट्ट्या व्हायला पाहिजेत. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. गल्लीतली भटजी मंडळी आम्हाला शिसेवाले म्हणतात, जेवायला बोलावतात पण वेगळं बसवतात. माझे यजमान विश्वेश यांचा गेल्या कार्तिकात याच कामावर अपघात झाला. आता मी करणार. मला काही झालं तर पुढं काय, ते लिहिते.

कलम १. देवश्री. माझी मुलगी, वय चार. तिला सासूबाईंनी सांभाळावं. माझ्या माहेरी कोणी उरलेलं नाही. तिला दूध आवडत नाही, मारून पाजू नये. झोपताना ती कानाची पाळी धरते, स्वतःची नाही, जवळ असेल त्याची. तेवढी धरू द्यावी. तिला मराठी वाचायला शिकवावं म्हणजे हा कागद ती मोठी झाल्यावर वाचेल. बाबा कसे गेले हे तिला गल्लीनं सांगायच्या आधी या कागदानं सांगावं.

कलम २. घर भाड्याचं आहे, ते देण्यासारखं नाही. माझं मंगळसूत्र, दोन बांगड्या आणि शिवणाचं मशीन देवश्रीचं. मशीनचा पट्टा नवा आहे.

कलम ३. वाघ. म्हणजे शिसं वितळवायचा पितळी स्टोव्ह. आजेसासऱ्यांनी कुठल्या तरी साहेबाच्या पाण्याच्या नळाच्या कामावरून आणला होता. खाली रॉकेलची टाकी, बाजूला पंप, वर बर्नर, त्यावर लोखंडी भांडं. पेटला की गुरगुरतो म्हणून वाघ. नदीच्या वाऱ्यात गॅस विझतो, हा विझत नाही.

हे गेल्यावर तो जिन्याखाली पडला होता. माझे दीर ढुंढिराज, सिगऱ्याला त्यांचं मोबाईलचं दुकान आहे, त्यांनी हॉटेलवाला गिऱ्हाईक आणलं. शोभेला ठेवणार होता. मी दिला नाही. चैत्रात बाहेर काढला. आतलं रॉकेल गुळासारखं घट्ट झालं होतं. चिंचेनं घासून आधी पितळ उघडं केलं, कारण मळाखाली टाकीला चीर असेल तर दिसत नाही. यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेले कन्हई मिस्त्री रोज येऊन पायरीवर बसायचे आणि सांगायचे. त्यांचे हात आता थरथरतात. त्यांना पट्टी बसवता येते, ओतता येत नाही.

पंपातलं चामडं वाळून पापड झालं होतं. नवं कापून रात्रभर तेलात भिजवलं. बर्नरचं भोक काजळीनं बंद होतं, ते बारीक पिनेनं साफ केलं, मोठं होऊ दिलं नाही. मग रिकाम्या टाकीत हवा भरून सगळीकडे साबणाचा फेस लावला. पंपाच्या बुडाशी फुगा आला. तो सांधा तीन वेळा उघडला तेव्हा फुगा यायचा थांबला. अंगणात दोनदा पेटवला आहे, नुसता, शिशाशिवाय. दुसऱ्या वेळी ज्योत निळी बसली. सासूबाई आतून म्हणाल्या, "बंद कर तो आवाज." एवढंच.

वाघ देवश्रीचा. तिनं चालवलाच पाहिजे असं नाही. पण जो चालवेल त्यानं हे पाळावं, नाही तर त्याचा हक्क नाही:

टाकी पाऊण भरायची, गच्च नाही. पेट्रोल कधीही नाही, कोणी कितीही सांगो. आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, ते संपत आलं की मगच पंप मारायचा. पिवळी ज्योत आली की हवा सोडून द्यायची आणि पुन्हा सुरू करायचं, ओढून न्यायचं नाही. गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. वारा पाठीवर घ्यायचा म्हणजे धूर नाकात येत नाही. सुती कपडे, बंद जोडे, डोळ्यांना चष्मा. शेजारी बादली वाळूची, कोरड्या वाळूची. सुकी काडी शिशात बुडवून बघायची. तपकिरी झाली तर बरोबर, पेटली तर फार तापलं. ते भांडं स्वयंपाकात येता कामा नये. काम झालं की हात धुतल्याशिवाय आणि कपडे बदलल्याशिवाय लेकराला जवळ घ्यायचं नाही. शिसं पोटात जातं, लहान मुलांच्या जास्त.

आणि पाणी. खाच ओली असेल तर ओतायचं नाही. घाटाचा दगड वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. आधी ज्योत धरून तापवायचा, मिस्त्री हो म्हणेपर्यंत. मला उद्याची भीती त्या दगडाचीच आहे. शिसं काढायची लोखंडी पळी दर वेळी ज्योतीवर धरून सुकवल्याशिवाय भांड्यात बुडवायची नाही. का, ते सहाव्या कलमात सांगते.

कलम ४. सासूबाईंचा तांब्याचा तांब्या, ज्यात पंचगंगा घाटावरून गंगेचं पाणी भरतात, तो यांनी लग्नात माझ्या नावावर केला होता. तो मी सासूबाईंना परत देते.

कलम ५. दीर ढुंढिराज यांना मी यांची पळी पुसायची चिंधी देते. तेराव्याला सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "दादाला पळी पुसायची अक्कल नव्हती, त्याला कोण काय करणार." मी वाढत होते. वाढत राहिले. चिंधी खुंटीवर आहे, धुतलेली.

कलम ६. हे कलम माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे. माझं मृत्युपत्र यासाठीच आहे, बाकीचं दोन ओळीत झालं असतं.

कार्तिकात पूर ओसरून घाटावरचा गाळ निघाला की आमचा हंगाम सुरू होतो. पहिल्या कामाच्या दिवशी हत्यारांना हळद-कुंकू लावतात. ते घरीच झालं होतं. हे पंचगंगा घाटावर पुढं गेले, मी मागून पोहे घेऊन गेले. बरोबर तांब्या होता. वाघ पेटलेला, शिसं आरशासारखं झालेलं. यांनी पळी तापवून बाजूच्या दगडावर ठेवली होती आणि पाठ फिरवून मिस्त्रींशी बोलत होते. मी तांब्यातलं गंगाजल वाघावर लांबून शिंपडलं. थोडं पळीत घातलं. चांगलं वर्ष जावं म्हणून. तांब्या मी माझ्या मनानंच नेला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं.

यांनी मागं न बघता पळी उचलली आणि बुडवली.

फटाका फुटावा तसं झालं. शिसं उडालं. हे तोंड वाचवायला मागं झुकले आणि पाय सुटला. पंचगंगेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मल्लाहांनी, खालच्या नावाड्यांनी, उचलून आणलं. मला वाटलं वाघच बिघडला.

दवाखान्यात हे तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी बोलले. ढुंढिराज भावजींनी विचारलं, "कसं रे झालं?" हे म्हणाले, "माझीच पळी ओली राहिली." तेव्हा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं पाणी मागतायत. मी पाणी दिलं.

पाच महिने मला काही कळलं नव्हतं. चैत्रात वाघ साफ करताना मिस्त्री सांगत होते की पळीत थेंब जरी राहिला तरी शिसं तोफेसारखं उडतं, पाण्याची एकदम वाफ होते आणि तिला जायला जागा नसते. मी पिन खाली ठेवली. मी विचारलं, "और गंगाजल हो तो?"

मिस्त्रींनी मान नदीच्या दिशेला वळवली. मग म्हणाले, "गंगाजलौ पानिए हौ, दुलहिन." गंगाजल झालं तरी पाणीच. त्यांनी तेव्हा घाटावर सगळं बघितलं होतं. कोणाला बोलले नाहीत. मलाही नाही.

तर मी लिहून देते की विश्वेश साखळकर निष्काळजी नव्हते. त्यांनी पळी तापवली होती, पुसली होती. ओली मी केली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही म्हणून मी आज या घरात आहे आणि देवश्री माझ्याजवळ आहे. सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणतात, "माझा लेक धांदरटपणानं गेला." मी ऐकून घेते आणि भाकरी उलटते. दोन खोल्यांत आम्ही तिघी राहतो, पण चैत्रापासून मी कोणाशी नीट बोललेली नाही. मिस्त्रींशी वाघाबद्दल बोलते. रात्री देवश्री कान धरते तेवढंच माणसाचं अंगाला लागतं. हे समजल्यावर सासूबाईंना माझा फोटो भिंतीवर नको असेल तर लावू नये. फक्त देवश्रीला दूर करू नये. तिनं काही केलेलं नाही.

कलम ७. मी गेले तर तोंडात गंगाजल घालावं. माझा गंगेवर राग नाही. पण आधी वाघ विझला आहे ना, बघून घ्यावं.

इथपर्यंत लिहून सही करायची म्हणून आज दुपारी रत्नाकरकाकांना बोलावलं. दोन साक्षीदार लागतात. दुसरे कन्हई मिस्त्री होणार होते, ते अंगठा लावतात. ते यायचे होते तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. देवश्री झोपली होती. म्हणाल्या, "मराठीत आहे म्हणजे मला वाचायला आहे. दे."

मी म्हटलं, "आई, मी मेल्यावर."

"मेल्यावर? मी पहिली की तू पहिली, कोणी बघितलंय." आणि कागद घेतला. चष्मा नव्हता, हात लांब धरून वाचत होत्या. काका खाली बघत बसले. मी वाळूची बादली उगाच इकडची तिकडं ठेवली. सहाव्या कलमावर त्यांचं बोट थांबलं. परत वर गेलं, परत खाली आलं.

मग म्हणाल्या, "खोटं लिहिलंयस."

मी बादलीची कडी सोडली.

"तांब्या मी भरला होता. पहाटे पंचगंगेवरून मीच आणला. तू निघालीस तेव्हा जिन्यावरून हाक मारून मी सांगितलं, नुसतं वाघावर नको, पळीतही घाल, माझे सासरे असंच करायचे. ते घरी करायचे गं. पेटवायच्या आधी, घरी." काकांना म्हणाल्या, "हे लिहा."

काका म्हणाले, "ते तिचं मृत्युपत्र आहे, वहिनी, तिनंच लिहायला पाहिजे." म्हणून मी लिहिलं.

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"घरात शिसं वितळताना मी जन्म काढला. मला नाही कळणार? पोरगा धांदरट म्हटलं की तेवढा वेळ तरी दोष माझा नव्हता." मग त्यांनी काकांना विचारलं, "साक्ष मी दिली तर चालते का?"

काका म्हणाले, चालते, पण साक्षीदारानं मृत्युपत्रातून काही घेऊ नये, पुढं वाद होतो. मुलीला सांभाळायला हरकत नाही. तांब्या मात्र सोडावा लागेल.

सासूबाई म्हणाल्या, "तांब्या नको मला. साक्ष पाहिजे."

म्हणून कलम ४ खोडलं आहे, बाजूला माझी सही आहे. तांब्या देवश्रीचा. कलम ६ मधलं "मला कोणी सांगितलं नव्हतं" हे वाक्य सासूबाईंनी स्वतः खोडलं, तिथं आम्हा दोघींच्या सह्या आहेत. त्यानंतर त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी बोलवलं नाही. संध्याकाळी उठल्या, यांची पळी खुंटीवरून काढली आणि गॅसवर धरून बसल्या, पार निळी पडेपर्यंत. म्हणाल्या, "उद्या मी येते. लांब बसेन. हात रिकामे असतील माझे."

वरचं सगळं मी वाचलं, मला समजलं, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

सही: गीता विश्वेश साखळकर

साक्षीदार १: रत्नाकर मोघे, शेजारी

साक्षीदार २: अन्नपूर्णा साखळकर, विश्वेशची आई

ठिकाण: मंगला गौरी, वाराणसी
तारीख: ९ जून २०२५, सोमवार