पहिली शुभेच्छा कोणी द्यायची?

पिस्कॅटवे, अमेरिका, २००६

अहो, ऐकताय ना?

उद्या आपल्या सईचं लग्न आहे आणि माझं डोकं फिरलंय. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस तीन वर्षांपूर्वीच निघून गेला, म्हणून पत्र लिहितेय. ही काय वेळ होती जायची?

जावई आयरिश, ब्रायन. पोरगा गुणी आहे. पण त्याची आजी! आयर्लंडच्या खेड्यातून आल्या त्या थेट आपल्याकडे. आल्या आल्या तुमच्या गुलाबाखाली बाळयेशूची मूर्ती ठेवली. का, तर लग्नात पाऊस पडत नाही म्हणे. आपण देव पाण्यात घालतो, ह्या अंगणात ठेवतात. इथवर ठीक होतं.

आज म्हणाल्या, लग्न लागल्यावर नवरीला पहिली शुभेच्छा पुरुषानेच द्यायची. बाईने दिली तर अपशकुन.

त्यात तुमच्या ताई नागपूरहून आल्यात. "नलू, औक्षण मी करते हं. तू आपली बस." का बसू? सवाष्ण नाही म्हणून! एकीला मी बाई म्हणून नको, दुसरीला विधवा म्हणून. अहो, तुमच्यामागे या पोरीचं सगळं मीच केलं ना? तुम्ही असता तर दोघींना चहा पाजून गप्प केलं असतं. मला मेलं ते कधी जमलंच नाही.

मी भांडी आपटायला लागले. सई म्हणाली, "आई, चिल! मला पहिली तूच हवीस." मग तिने आजींना इंग्रजीत सगळं समजावलं, माझं बसणंसुद्धा.

आजींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, त्यांच्या गावी लग्नात पेंढ्याचे मुखवटे घालून माणसं न बोलावता येतात, नवरीबरोबर नाचतात. ते शुभच. आत कोण आहे, कोणी विचारत नाही. "नवऱ्याचा एखादा कोट आहे का?"

आहे की! तुमचा करडा कोट, जो मी कुणाला डोनेट करू दिला नाही. घातला. बाह्या बोटांच्याही खाली! आजी हसत सुटल्या. ताई म्हणाल्या, "शोभतं का हे?" आणि सुईदोरा घेऊन स्वतःच बाह्या दुमडायला बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

तर वचन देते. उद्या चर्चच्या दारात पैठणीवर तुमचा कोट घालून मी सगळ्यांच्या पुढे उभी राहीन. पहिली शुभेच्छा तुमची. मग कोट ताईंच्या हातात देईन, आणि औक्षणाचं ताट मी घेईन.

तुमच्यावर अजूनही रागावलेली,
नलू